दाताला तीट

आमच्या सरांच्या दवाखान्यात हिंगाचा वास येई. दातांच्या दवाखान्याला लवंगेचा वास असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गिरगावातल्या त्या पहिल्या मजल्यावर जिना चढून आलेला नवा पेशंट एकदा दारावरची पाटी बघे, एकदा आमच्याकडे बघे आणि शेजारच्या घरात आमटीला फोडणी पडली असेल असं स्वतःच ठरवून बसून घेई. फोडणी वगैरे काही नसायची. सर आपले सगळे बारीक स्क्रूड्रायव्हर हिंगाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत. घरातल्या, शेजारच्या, पेशंटांच्या घरच्या, जिथून मिळतील तिथून त्या डब्या येत. प्रत्येकीवर चिकटपट्टी, आणि तिच्यावर सरांच्या किडमिड्या अक्षरात इम्प्लांट बनवणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं नाव. त्यातल्या निम्म्या कंपन्या केव्हाच गाशा गुंडाळून गेलेल्या.

मी नवी होते तेव्हा सुचवून पाहिलं, की सर, खणखणांचा स्टीलचा ट्रे मिळतो. ते म्हणाले, हिंगाची डबी उघडताना आवाज करते, त्यामुळे चोरून काही काढता येत नाही. मिशीच्या केसाएवढ्या टोकाचा तो ड्रायव्हर चोरून कोण कशाला काढील, हे विचारायची माझी तेव्हा छाती नव्हती. तोंडात जाण्यापूर्वी प्रत्येक अवजार रीतसर वाफेच्या यंत्रातून निघायचं. तरी शपथेवर सांगते, त्याला किंचित वास उरायचाच.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. डब्या माझ्याकडे आहेत आणि ट्रे मी अजून घेतलेला नाही.

सर इम्प्लांट बसवत नसत. तरुणपणी बसवले होते, पण मी दातांची डॉक्टर होऊन त्यांच्या हाताखाली लागले तोवर ते सोडून त्यांनी फक्त जुने दुरुस्त करायचा धंदा धरला होता. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात रुजवलेला टायटॅनियमचा खुंटा. त्यावर मधला एक तुकडा स्क्रूनं आवळलेला, आणि त्या तुकड्यावर दातासारखी दिसणारी कॅप. खुंटा हाडानं एकदा धरला की सहसा हलत नाही. कुरकुर सुरू होते ती वरच्या यंत्राची. पंधरा-वीस वर्षांनी स्क्रू सैल होतो, झिजतो, कधी आतच तुटून बसतो. तोवर बसवणारा डॉक्टर अमेरिकेला मुलाकडे गेलेला असतो, कंपनी बंद पडलेली असते आणि त्या स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेत बसेल असा ड्रायव्हर कुणाकडे नसतो. मग बाकीचे डॉक्टर सांगतात, हाड कोरून खुंटाच काढू आणि नवा घालू. ते ऐकून घाबरलेली माणसं कुणाकडून तरी पत्ता मिळवून सरांकडे येत.

सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पत्रिका आणलीय?"

पत्रिका म्हणजे इम्प्लांटचा कागद. कंपनी कुठली, जाडी किती, स्क्रूची खाच षटकोनी की चौकोनी. तो कागद शंभरात एखाद्याकडे असे. काळाचौकीचे एक आजोबा आले होते, गिरणीत फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कणकवलीकडचे. ते सरांकडे बघतच राहिले. म्हणाले, "माजा लगीन होवन पन्नास वर्सां झाली. आता पत्रिका कित्याक व्हयी?"

सरांनी मला पंखा बंद करायला सांगितलं. हा दुसरा नेम. स्क्रूचं काम सुरू झालं की पंखा, एसी, बाहेरच्या खोलीतला टीव्ही, सगळं बंद. सरांना स्क्रू ऐकायचा असे. छोट्या आरशाच्या दांड्यानं ते दातावर टकटक करत, डोळे मिटत, पुन्हा टकटक करत. मे महिन्यात आमचे जुने पेशंट घरून नॅपकिन घेऊन येत. त्या दिवशी आजोबांचा स्क्रू आत तुटलेला निघाला. सरांनी टोकदार सुई घेतली आणि तो तुकडा उलटा, केसाकेसानं, फिरवायला सुरुवात केली. दोन तास. आम्ही तिघंही घामानं निथळत होतो. शेवटी तुकडा वर आला. सरांनी तो धुऊन, पुसून आजोबांच्या तळहातावर ठेवला. आजोबांनी तो उजेडात धरला, नखानं फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आटे खराब नाय केलात." सरांचा चेहरा असा खुलला की मी त्यांना एवढं खूश फार थोड्या वेळा पाहिलं. कितीतरी डॉक्टरांनी कौतुक केलं होतं, पण फिटरनं केलेलं कौतुक त्यांना खरं वाटलं.

सैल झालेल्या स्क्रूवर ते कधी चिडत नसत. "सैल होणं हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचं काम आहे," असं ते मला सांगत. "तो सैल होतो म्हणून हाडातला खुंटा वाचतो. दोघंही ताठ राहिले असते तर मोडलं असतं. एकानं सैल व्हावं लागतं गं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे मला नवऱ्याशी भांडताना ते आठवायचं. सर स्वतः मात्र कशातच सैल होत नसत. टॅक्सीवाल्याशी नाही, सोसायटीच्या अध्यक्षाशी नाही, आणि दादरच्या बाबतीत तर नाहीच नाही. दादरवर मी येतेच आहे.

त्याआधी त्यांची पिशवी. कुणी दातांचा डॉक्टर निवृत्त झाला की लोक शाल आणि नारळ घेऊन जातात. सर रिकामी कापडी पिशवी घेऊन जात. चार गोड शब्द बोलून झाले की विचारत, तुमच्या खणात जुने ड्रायव्हर, जुने स्क्रू, असं काही पडलंय का? एकदा परळला एक डॉक्टर वारले तेव्हा सर दहाव्या दिवशी भेटायला गेले आणि पिशवी घेऊनच गेले. त्या डॉक्टरांच्या बायकोनं, बिचारीनं, दोन खण पूर्ण रिकामे करून दिले आणि वर चहा पाजला. परत आल्यावर मी सरांना म्हटलं की हे बरं दिसलं नाही. ते गोंधळले. त्यांच्या लेखी ते सांत्वनच होतं. त्या माणसानं बसवलेले दात आता कोण बघणार, याची काळजी कुणीतरी करतंय हे त्या बाईंना कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. बाईंना काय कळलं ते मला माहीत नाही. पण पुढच्या दिवाळीला त्यांनी चकल्या पाठवल्या होत्या.

मला सरांनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता. आधी दोरा. ड्रायव्हरला दात साफ करायचा दोरा बांधायचा, मगच तो तोंडात घालायचा, म्हणजे हातातून निसटला तर ओढून काढता येतो. मी सात महिने नीट पाळला आणि आठव्या महिन्यात एका घाईच्या सकाळी विसरले. ड्रायव्हर सटकला, पेशंटनं आवंढा गिळला आणि काम झालं. मी सरांना हाक मारली. सर आतल्या खोलीतून आले, खुर्चीपाशी उभे राहिले आणि पेशंटला शांतपणे म्हणाले, "माफ करा. माझ्या हातून पडला." सरांचा हात पेशंटच्या तोंडाजवळही आलेला नव्हता, तरी त्यानं मान डोलावली. सर त्याच्याबरोबर स्वतः एक्स-रे काढायला गेले, ड्रायव्हर पोटात सुखरूप आहे, श्वासनलिकेत नाही, हे पाहून आले, आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याला फोन करून विचारत राहिले, "आला का?" चौथ्या दिवशी आला. कंपनी बंद पडलेली असल्यामुळे सरांनी तो टाकू दिला नाही. उकळून, धुऊन, वेगळ्या डबीत, फक्त नमुना म्हणून ठेवला. मला ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मी दोरा कधी विसरले नाही आणि सरांवरचा माझा जीवही कधी कमी झाला नाही.

आता तीट.

कॅप खुंट्यावर दोन तऱ्हांनी बसते. एक, कॅपमध्येच भोक ठेवून त्यातून स्क्रू आवळायचा आणि भोक वरून बुजवायचं. पुन्हा उघडायची झाली तर भोक कुठे आहे ते दिसतं. दुसरी, आतला तुकडा आवळायचा आणि त्यावर अखंड कॅप सिमेंटनं चिकटवायची. ही दिसायला सुंदर. पण पुढे आतला स्क्रू सैल झाला की पंचाईत होते, कारण कॅपखाली तो नेमका कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. खुंटा हाडात तिरका असेल तर स्क्रूही तिरका. अंदाजानं ड्रिल मारलं आणि स्क्रूचं डोकं चिरडलं की मग हाड कोरण्याशिवाय उपाय राहत नाही.

म्हणून सर कॅप बनवणाऱ्या लॅबला सांगत, सिमेंटची कॅप असेल तर स्क्रूच्या बरोबर वर भट्टीत जाण्यापूर्वी तपकिरी रंगाचा एक ठिपका ठेवायचा. मोहरीच्या अर्ध्याएवढा. त्याला ते तीट म्हणत. पेशंट कुरकुर करत, नवीन दात आणि लगेच कीड? सर समजावत की बाळाला लावतो ना तशी तीट आहे, पुढच्या डॉक्टरला दार कुठे आहे ते कळावं म्हणून. लालबागच्या आमच्या लॅबमध्ये एकदा नवा कारागीर आला. हाताचा फार साफ. त्याला वाटलं डाग राहिलाय, म्हणून त्यानं एक पूर्ण खेप घासून लखलखीत करून पाठवली. सर काजळाची डबी घेऊन लालबागला गेले, त्याच्या गालावर ठसठशीत तीट लावली आणि म्हणाले, आता ही पुसून दाखव. तो गृहस्थ संध्याकाळपर्यंत गालावर काजळ घेऊन काम करत होता. पुढे त्याच्या हातच्या तिटा इतक्या मोठ्या यायला लागल्या की सरांनाच पुन्हा जाऊन त्याला आवरावं लागलं.

दादरला सर जात नसत. फुलं नकोत, पुस्तकं नकोत, लग्नाची बोलावणी नकोत. सिद्धिविनायकाला जायचं तर वरळीच्या बाजूनं प्रभादेवीत शिरायचे आणि त्याच वाटेनं परत. कारण दादरला 'तो' राहत होता.

तो म्हणजे सरांचा कॉलेजपासूनचा मित्र. तोही दातांचा डॉक्टर. मुंबईत इम्प्लांट नवे होते तेव्हा दोघांनी मिळून ते शिकायचं ठरवलं. एका नातेवाइकाबरोबर परदेशातून एकच संच मागवला. दोघांचीही एकेक दाढ गेलेली होती. आधी पेशंटवर कसं करायचं, म्हणून त्यांनी एकमेकांवर केलं. सरांच्या वरच्या जबड्यात मित्रानं खुंटा घातला, मित्राच्या खालच्या जबड्यात सरांनी. कुणाही शहाण्या माणसाला सुचणार नाही ते या दोघांना सुचलं आणि दोन्ही खुंटे मस्त रुजले. कॅपवर मात्र त्यांचं पटलं नाही. सर भोकवाले, मित्र सिमेंटवाला. मित्र म्हणायचा, मी असं काम करतो की उघडायची वेळच येणार नाही. शेवटी ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या तोंडात आपल्या मताची कॅप बसवली.

काही वर्षांनी डॉक्टरांच्या एका सभेत मित्र आपल्या सुंदर कॅपांचे फोटो दाखवत होता. सर मध्येच उठले आणि विचारलं, हे उघडायचं कसं? मित्र म्हणाला, उघडायची गरज पडत नाही. त्यावर सर म्हणाले, "म्हणजे तुझ्या पेशंटनं मरणाची वाट बघायची, एवढंच." सगळं सभागृह हसलं. मित्रानं पुढचे फोटो दाखवले नाहीत. दिवा लावायला सांगितला आणि खाली उतरला. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं बोलणं बंद. संचही फुटला. स्क्रू आवळायचा पाना सरांकडे राहिला आणि ड्रायव्हर दादरला. पुढे ती कंपनी बुडाली. दोनशे डब्यांमध्ये अख्ख्या मुंबईच्या दातांचे ड्रायव्हर होते, सरांच्या स्वतःच्या दाढेचा नव्हता. हे सगळं मला सरांनीच सांगितलं होतं, हसत हसत, आणि शेवटी म्हणाले होते की त्यानं माझ्या तोंडात दार नसलेली खोली बांधून ठेवलीय.

सरांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी एका दिवसात काम थांबवलं. दवाखाना माझ्यावर सोपवला आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसून टकटक ऐकायला लागले. पुढे तीनेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं की सर डाव्या बाजूनं चावतायत. चिवड्यातले दाणे वेचून बाजूला ठेवतायत. विचारलं तर म्हणाले, दाणे खवट आहेत. दाणे खवट नव्हते. स्वतःच्या तोंडात ते कुणाला डोकावू देत नसत. दात ते स्वतः साफ करत आणि ती दाढ तर रागानं त्यांनी कधी आरशातही पाहिली नसावी. शेवटी एका दुपारी खुर्ची रिकामी असताना मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, बसा. काय वाटलं कुणास ठाऊक, बसले.

दाढ बोटानं हलत होती. एक्स-रेमध्ये खुंटा ठणठणीत होता, सैल झाला होता तो स्क्रू. तसंच चावत राहिले असते तर स्क्रू आत तुटला असता. मग खुंटा काढायचा, तर वरच्या दाढेपाशी हाड पातळ, आणि सरांच्या हृदयात दोन स्टेंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या रोजच्या. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हाडाची कापाकापी शक्य तो नको. थोडक्यात, मला एका फटक्यात स्क्रूचं डोकं सापडायला हवं होतं. स्कॅनमध्ये कॅपच्या आतल्या धातूमुळे सगळं पांढरंफटक दिसत होतं. खुंटा तिरका आहे एवढं कळत होतं, किती आणि कुठे, ते नाही.

"त्यांना फोन करा," मी म्हटलं. "त्यांनी घातलाय, त्यांना आठवत असेल. आणि ड्रायव्हरही त्यांच्याकडेच आहे."

"तीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? तू मधोमध मार."

"मधोमध नसला तर?"

सर म्हणाले की नसला तर नसला, एका दाढेवाचून माणूस मरत नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या एकेका दाढेसाठी ज्यांनी पंखा बंद करून दोन दोन तास घाम गाळला ते सर असं बोलताना ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. मी रागातच हवेचा फवारा मारून दाढ कोरडी केली आणि भिंग लावलं.

चावायच्या पृष्ठभागावर काही नव्हतं. पण आतल्या बाजूला, टाळूकडच्या उतारावर, एक तपकिरी डाग होता. चहाचा असेल म्हणून मी पावडरनं घासला. गेला नाही. पुन्हा घासला. तो चकाकीच्या खाली होता, भट्टीतून भाजून आलेला. मोहरीच्या अर्ध्याएवढा आणि अगदी गोल.

मी हात खाली घेतले. "सर, तुमच्या दाढेला तीट आहे."

"असणार नाही," ते म्हणाले. "ती माझ्या लॅबची नव्हे. आणि तेव्हा तीट मला सुचलीसुद्धा नव्हती."

मी फोटो काढला आणि समोरच्या पडद्यावर मोठा करून लावला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिले. पंखा चालू होता, तो बंद करायला त्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाले, "आणि मी त्याला भर सभेत..." वाक्य पुरं झालं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

सरांना मित्राच्या घरचा जुना नंबर तोंडपाठ होता, पण तो केव्हाच बंद झालेला. डॉक्टरांच्या ग्रुपवरून मी मोबाइल नंबर शोधला, लावून दिला आणि स्पीकर चालू राहिला तो राहिलाच.

"मी बोलतोय," सर म्हणाले.

पलीकडून एक घोगरा, म्हातारा आवाज म्हणाला, "सैल झाला?"

"झाला."

"उद्या ड्रायव्हर घेऊन येतो. माझंही एक काम आहे."

दुसऱ्या दिवशी ते आले. उंच, काडीसारखे, हातात काठी. पहिल्या मजल्याला दोनदा थांबले. दारात दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. सरांनी विचारलं, एवढा जिना कशाला चढलास? ते म्हणाले, तू दादरला येणार नाहीस हे मला माहीत नाही का. एवढ्यावर बावीस वर्षांचा हिशेब मिटला. मग त्यांनी नाक वर करून विचारलं की इथे हिंगाचा वास कसला येतोय, आणि सरांनी त्यांना डब्या दाखवायला सुरुवात केली. मला दोघांना ओरडून खुर्चीपाशी आणावं लागलं.

मी पंखा बंद केला. ड्रायव्हरला दोरा बांधला. तिटेवर ड्रिलचं टोक ठेवलं. कॅप भेदली. आत कापसाचा एक इवलासा बोळा निघाला. स्क्रूच्या डोक्यावर सिमेंट जाऊ नये म्हणून तीस वर्षांपूर्वी कुणीतरी जपून घातलेला. बोळा काढला, आणि खाली स्क्रूची खाच दिसली, नवी कोरी. मधोमध मारलं असतं तर मी तिच्यापासून चांगली दूर गेले असते. दादरचा ड्रायव्हर त्या खाचेत बसला, वर सरांचा पाना लावला, आणि मी आवळला. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मी आरशाच्या दांड्यानं टकटक केलं तेव्हा त्यांनी बोटानं खूण केली, झालं.

मी भोक बुजवल्यावर चूळ भरून सर उठून बसले आणि मित्राला विचारलं, "तीट लावलीस तर मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जिंकलास असं झालं असतं."

"आणि सभेत? त्या दिवशी एका वाक्यात माझं तोंड बंद केलं असतंस."

मित्रानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग लोक तुला हसले असते," ते म्हणाले.

सरांनी खिशातून रुमाल काढला. मी विनाकारण अवजारं आवरायला घेतली. मित्रच म्हणाले की आता माझं बघा. सरांनी घातलेल्या त्यांच्या दाढेचं भोक बुजवलेलं होतं, ते उघडं पडलं होतं आणि रोज त्यात भाताचं शीत अडकत होतं. दीड वर्ष झालं म्हणे. दुसऱ्या कुणाकडे का गेला नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, ज्यानं केलं त्यानंच बघावं, नाही का.

स्क्रू घट्टच होता. भोक बुजवायचं साधं काम, मी दहा मिनिटांत केलं. पांढरं, बेमालूम, कुठे भोक होतं ते कळू नये असं. सर स्टुलावरून उठले. म्हणाले, थांब, तीट राहिली. तपकिरी रंग त्यांनी स्वतः काढून घेतला, बारीक ब्रशच्या टोकावर घेतला आणि खुर्चीवर वाकले. तीन वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडात हात घातला नव्हता. ब्रश असा थरथरत होता की मी नकळत हात पुढे केला. त्यांनी मान हलवून मला मागे व्हायला सांगितलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि टेकवला.

गोल नाही आली. एका बाजूला ओघळली, घाईत हलणाऱ्या पोराच्या गालावर येते तशी. मी ती पुसून पुन्हा लावते म्हणाले तर दोघांनीही, एकानं तोंड उघडं ठेवून, मला नाही म्हटलं. मी रंग कडक करायच्या निळ्या दिव्यानं ती पक्की केली.

मित्र उठून बसले आणि त्यांनी आरसा मागितला. सरांनी तो स्वतःच्या पाठीमागे लपवला.

"तीस वर्षं थांब," सर म्हणाले. "मी थांबलो की नाही?"